चिठ्ठ्या झाकलेल्या काचा

बुधवार, संध्याकाळ

वळवलेला सांडपाण्याचा नाला पुन्हा तळ्यात सोडायचा का, हे उद्या दौलताबादच्या बैठकीत ठरेल. तळं सुधारतंय असं मी म्हणते, ते पाण्यातल्या अळ्यांवरून. अळी नीट वाढत असली की तिच्या लाळग्रंथीतल्या गुणसूत्रावर फुगवटा दिसतो. घाण पाण्यात तो ओसरतो. नाला वळवल्यावर त्याच्या जुन्या तोंडाजवळच्या अळ्यांत मला तो दिसला होता. पण खरंच दिसला, की हवा होता म्हणून? सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची काच अंगठ्यानं जास्त दाबली तरी गुणसूत्र पसरून फुगल्यासारखं दिसतं. आणि माझा अंगठा जडच.

म्हणून आज प्रयोगशाळेत सहकारी नसरीनला म्हटलं, काचा तूच दाब आणि वरच्या चिठ्ठ्या झाक. कोणती काच त्या तोंडाजवळची नि कोणती घाण पाण्यातली, मला कळायला नको. मग मी बघतच बसले.

"अगं, सून पसंत करायलीस का? बोल की लवकर!" नसरीन म्हणाली.

फुगवटा असलेल्या काचा मी वेगळ्या काढल्या. तिनं चिठ्ठ्या उघडल्या. नाल्याच्या जुन्या तोंडाकडच्या जवळजवळ सगळ्या त्यांतच निघाल्या!

एवढ्यावरून तळं बरं झालं असं म्हणवत नाही. पण नाला वळवलेलाच राहू द्या, हे उद्या उभी राहून सांगेन. आवाज कापणार नाही बहुतेक.