ढाल, भाला आणि दुसऱ्या साक्षीदाराची जागा

मी, तर्कशास्त्राची निवृत्त अध्यापिका, वय वर्षे त्र्याहत्तर, हा लेख शुद्धीत व स्वेच्छेने लिहीत आहे. माझ्या फुप्फुसांबद्दल डॉक्टरांनी जे सांगितले ते मला समजले असून, त्यात आक्षेप घेण्याजोगे काही सापडले नाही. सबब माझ्या पश्चात काय व्हावे ते नोंदवते. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचे घर, त्यातील सामान व बँकेतील शिल्लक माझ्या दिवंगत बहिणीच्या मुलीला मिळावी. या भाचीने माझी औषधे सांभाळली आणि माझा स्वभावही. न्हाणीघराचा नळ डावीकडे फिरवल्यावर बंद होतो, हे तिने दहादा विचारले आहे. यापुढे सांगणारे कोणी नसेल, म्हणून येथे लिहिले.

२. पुस्तके महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावीत. त्यांनी नाकारल्यास रद्दीत घालावीत. माझ्या जागी आलेल्या प्राध्यापकाला मात्र एकही देऊ नये. माझ्या टिपणांवर त्याने स्वतःचे नाव घातले, तेवढे त्याला पुरे.

३. व्हिडिओ गेमचे यंत्र, पडदा व दोन्ही कंट्रोलर भाचीला.

४. त्या यंत्रावर मी व माझा धाकटा भाऊ अकरा वर्षे अजस्र जनावरांची शिकार करीत होतो. तो त्याच्या घरून, मी माझ्या. जनावर पाडावे, त्याच्याच शिंगा-खवल्यांतून शस्त्र घडवावे, आणि ते घेऊन अधिक मोठ्या जनावरापुढे उभे राहावे, असा तो खेळ. माझ्याकडे ढाल आणि भाला. भाल्याचे नाव 'उत्तरपक्ष'; त्याच्या टोकासाठी एकोणीस शिकारी लागल्या. भाऊ कारखान्यात लेथवर काम करी. त्याने आपल्या अवजड तलवारीला 'कानस' म्हटले. "ताई, तू भाला मारत नाहीस, मुद्दा मांडतेस," असे तो म्हणे. ते खरे होते.

हा भाला कोणालाही देता येत नाही. कंपनीच्या अटींचे चौतीसही परिच्छेद मी वाचले. शस्त्र माझे नाही, ते वापरण्याची परवानगी माझी आहे, आणि ती माझ्याबरोबर संपते. शिवाय परवा कंपनी खेळच कायमचा बंद करीत आहे. युक्तिवाद निर्दोष आहे.

५. तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. ज्या जनावराला आम्ही 'मुख्याध्यापक' म्हणत असू, ते सात महिन्यांच्या प्रयत्नांनंतर लंगडू लागले होते. मी ढालीआड उभी होते. हेडफोनमध्ये भाऊ म्हणाला, "ताई, येतो मी." तो मदतीला येत आहे असे समजून मी जागा सोडली नाही. ढाल टिकेनाशी झाली, मी पडले, शिकार फसली. तो आलाच नव्हता. आपल्याकडे निघणारा माणूसही 'येतो' म्हणतो; त्याने निरोप घेतला होता.

त्याच रात्री फोन करून मी त्याला विचारले, "आयुष्यात एक तरी गोष्ट तू शेवटास नेलीस का?"

"नाही, ताई," तो म्हणाला, आणि त्यानंतर आमचे बोलणे झाले नाही.

त्याच्या उजव्या हाताची बोटे त्या संध्याकाळी बधिर झाली होती, हे भावजयीकडून मला वर्षभराने कळले. लेथही सुटला होता. बोलणाऱ्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेला अर्थ चिकटवून त्याला दोषी ठरवणे याला वाक्छल म्हणतात. हा दोष मी एकतीस वर्षे शिकवला.

६. भावाला या मृत्युपत्रान्वये काहीही देत नाही. यात राग नाही. ज्याला लाभ मिळतो त्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे. आणि दुसरा साक्षीदार म्हणून मला तोच हवा आहे. भाची म्हणाली, "मावशी, मामांना सरळ 'ये' म्हण ना." मी तिला समजावले की नुसत्या बोलावण्याला तो नाही म्हणू शकेल, साक्षीला नाही म्हणायला त्याला कारण द्यावे लागेल. तिने काल फोन केला. "मामा 'बघतो' म्हणाले," असे तिने सांगितले. या क्रियापदाचा अर्थ मी लावणार नाही. वेळ आज सकाळी अकराची दिली आहे. सहीनंतर त्याची तयारी असल्यास एक शिकार होऊ शकेल. तो नुसता शेजारी बसला तरी चालेल.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी साडेचार. भाऊ आला नाही, फोनही नाही. आमची लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या कारागिराने दुसरी सही करण्याचे मान्य केले आहे; त्याला आणखी दोन इमारती करायच्या आहेत. भाऊ साक्षीदार न राहिल्यामुळे त्याच्या नावे काही ठेवण्यास आता नियमाची आडकाठी उरलेली नाही. या मुद्द्यावर मी पुन्हा विचार केला. त्याला द्यावे असे माझ्याजवळ काही नाही.

लिहून देणार: सही
साक्षीदार १: तळमजल्यावरील औषधविक्रेता, सही
साक्षीदार २: लिफ्टचा कारागीर, सही
स्थळ: राहत्या घराची पुढची खोली
तारीख: अठ्ठावीस, चालू महिना