तीन सुतांची टाच

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू अशा: पेट्या दोन हजार एकशे चौदा, पैकी आतून मखमल लावलेल्या सहाशे नव्वद. काचेची कपाटं एकतीस. वल्ही टांगायचे टेकू चार जोड. माझ्या घरातलं सगळं लाकूडकाम, एक डुगडुगणारं स्टूल सोडून. ते तुझ्या भावजयीच्या माहेरचं आहे, त्यामुळे त्याला हात लावायची मला परवानगी नाही. तुझ्या थोरलीचा पाळणा, जो एकदा ढकलला की सत्तावीस वेळा हलून थांबायचा. आणि वयाच्या अकराव्या वर्षी बुटाची एक टाच.

घाबरू नकोस, डोकं ठिकाणावर आहे. लिलावघराने यंदा बाहेरच्या सगळ्या कारागिरांकडून अर्ज भरून घेतले. शिक्षणाच्या रकान्यात मी पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली. अनुभवाला दोनच ओळी ठेवल्या होत्या, म्हणून वेगळा कागद जोडला. टाच त्यात नव्हती. ती आज लिहिली, फक्त तुझ्या प्रतीत. का, ते सांगतो.

एकोणीस वर्षं मी त्यांच्याकडे लिलावाला येणाऱ्या जुन्या खेळवस्तूंना पेट्या करतोय. चेंडू, हातमोजे, टोप्या, पदकं. लोक एका विरलेल्या टोपीसाठी घराची किंमत मोजतात आणि ती कधी डोक्यावर घालत नाहीत. लिलावाआधी महिनाभर या वस्तू मागच्या लांब खोलीत असतात. दुपारी तीनला वरच्या खिडकीतून ऊन आत येतं आणि एकेका फळीवरून सरकत जातं. आधी चेंडू जागे होतात, मग हातमोजे बोटं उघडतात, मग एखादी टोपी उजळते. मी तिथे मापं घेताना बोलत नाही. झोपलेल्या माणसाचं माप घेतल्यासारखं वाटतं.

काल त्रेसष्ट क्रमांकाची वस्तू आली. बायकांचे धावण्याचे बूट, एके काळी पांढरे, आता सायीच्या रंगाचे. एक्केचाळीस वर्षांपूर्वी दोनशे मीटरची ती गाजलेली शर्यत ज्या बाईंनी जिंकली त्यांचे. म्हणजे तुमच्या संघातल्या लांबडीचे. मी डावा बूट उलटा केला. टाचेखाली सायकलच्या टायरचा तुकडा, तीन सूत जाड. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तू दर वेळी विचारतेस.) खिळे बारा. अकरा लोखंडी, आतून सातवा पितळी.

ती टाच माझ्या हातची.

तुझा डावा पाय तीन सुतांनी आखूड आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मी तुला भिंतीला टेकवून दोरीने मोजलं होतं. टाचेला अकरा दिवस लागले. आणि शर्यतीच्या दिवशी तू बूटच हरवून आलीस, धावलीच नाहीस. तेव्हापासून तुझा चष्मा सापडेना झाला की मी ते बूट उकरून काढत आलो. मग हरवलेले बूट लांबडीच्या पायांत कसे गेले? सविस्तर लिही, गाळलेलं मला चालत नाही.

ती. भावोजींना नमस्कार. लोभ आहे तो असू दे. वाढवायला जागा नसेल तर जरा हलवून बसव.

तुझा,
धाकटा


दि. १० फेब्रुवारी

चि. मिस्त्रीबुवांस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दवाखान्यात वाचलं. सकाळपासून सहा बाळांच्या पावलांचे ठसे घेतले होते, बोटांना शाई होती, म्हणून तुझ्या यादीवर माझा अंगठा उमटलाय. त्या यादीत आणखी एक वस्तू लिही: थोरल्या बहिणीला दिलेला ताप, नग एक, अजून चालू स्थितीत.

तो पितळी खिळा तू बाबांच्या खुर्चीचा काढलास हे मला तेव्हाच कळलं होतं. बाबा पंधरा दिवस खुर्चीखाली वाकून शोधत होते आणि शेवटी त्यांनी मांजरावर ठपका ठेवला. ती खुर्ची आता माझ्याकडे आहे. मांजराचं नाव मी आजवर साफ केलेलं नाही.

आता तुझा प्रश्न. बूट हरवले नव्हते. मी खोटं बोलले.

सकाळच्या फेरीत मी धावले होते. पाचवी आले आणि बाहेर पडले. दुपारी अंतिम शर्यतीच्या तोंडावर लांबडीच्या बुटाचा तळ उकलला. आमच्या पायांचं माप एकच, म्हणून मी माझे काढून दिले. टाचेचं सांगितलं, पण ती काढायला वेळ नव्हता. ती तशीच धावली आणि जिंकली. तिथूनच तिला मोठ्या शिबिराला नेलं, बूट तिच्या गुरुजींच्या सामानात गेले. पुढे तिने पत्र घालून परत पाठवू का विचारलं होतं. मी राहू दे म्हटलं.

यापुढचं फक्त तुझ्यासाठी. मी पाचवी का आले, सांगू? तोवर माझं धावणं म्हणजे एक मोठा ठोका, एक छोटा ठोका. मागून कोण येतंय हे मुली न बघता ओळखायच्या. त्या सकाळी पिस्तूल वाजलं, पंधरा-वीस पावलं पडली आणि मला ऐकू आलं की दोन्ही ठोके सारखे आहेत. जन्मात पहिल्यांदा. मी ते ऐकतच राहिले. शर्यत विसरले रे. सगळ्या पुढे निघून गेल्या आणि मला आपलं वाटतंय की मी पळतच नाहीये, मैदानच माझ्या खालून सरकतंय, नावेखालून पाणी जातं तसं. शेवटच्या रेघेपाशी कुणीतरी पाठीत थोपटलं तेव्हा मला जाग आली.

घरी आले तर तू फाटकात बसलेला, हातात फूटपट्टी. तुला काय सांगणार होते? की बूट इतके छान होते म्हणून हरले? अकरा वर्षांचा तू, दुसऱ्या दिवशी हत्यारं विहिरीत टाकून मोकळा झाला असतास. हरवले म्हणणं सोपं होतं. वेंधळी म्हणवून घेतलं, त्याने काही अंगाला भोकं पडली नाहीत.

ते बूट घ्यायच्या भरीस पडू नकोस. तू लाकूड कापायच्या यंत्रासाठी पैसे साठवतोयस हे मला भावजयीने सांगितलंय. फक्त टाच घट्ट आहे का ते बघ आणि कळव.

तिचं स्टूल डुगडुगू दे. तुझ्या घरात तुझ्या हातचं नसलेलं काहीतरी हवंच. माया होती तेवढी याच पत्रात घातली आहे, पुढच्या पत्रापर्यंत पुरवून वापर.

तुझी,
ताई


दि. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. उत्तराचे तीन कागद फाडले. म्हणून आता कामाचंच लिहितो.

टाच घट्ट आहे. अंगठ्याने रेटून पाहिली, केसभर हलत नाही. सोबत तिच्यावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा. तू बाळांचे घेतेस, हा माझ्याकडून.

मी बोली लावणार आहे. यंत्राचे चार लाख साठलेत. यंत्र थांबेल, हातकरवत अजून चालते. बुटांची अपेक्षित किंमत दोन लाख छापली आहे. एवढी कमी का, तर लिलावाच्या यादीतलं वाक्य जसंच्या तसं उतरवतो: डाव्या टाचेखाली नंतरच्या काळात अकुशल हाताने ठोकलेला रबराचा तुकडा, मूळ वस्तूस बाधा आणणारा. अकुशल! ताई, बारा खिळ्यांतला एकही वाकडा नाही.

भावजयीने बजावलंय की गप्प बसा, तुमच्या त्या अकुशल हातानेच बूट स्वस्त केलेत. तिचं खोटं नाही. टाच शर्यतीतही होती असं कळलं की किंमत कुठल्या कुठे जाईल. मोजे बनवणारे एक कारखानदार आहेत, जुने बूट जमवतात. ते या टाचेमुळेच नाक मुरडून बाजूला झालेत. मी तोंड मिटून राहिलो तर बूट तुझ्याकडे येतात.

पण काल बूट विकायला आणणाऱ्या बाई पेटी बघायला आल्या होत्या. लांबडीच्या गुरुजींच्या पत्नी, आता ऐंशीच्या घरात. त्यांनी मला विचारलं की या रबरामुळे किंमत किती उतरेल हो. मी म्हटलं, मी पेट्या करतो, किमती करत नाही. घरी आलो, ताट वाढलेलं तसंच राहिलं.

काय करू? उत्तर लवकर पाठव. नेहमीच्या लोभात काटकसर करू नकोस.

तुझा,
धाकटा


दि. २४ फेब्रुवारी

चि. मिस्त्रीबुवांस,
अनेक आशीर्वाद.

काय करू म्हणून मला विचारतोस, आणि लिफाफा चिकटवायच्या आतच तुझं ठरलेलं असणार. त्या बाईंचं मला पटतं. त्यांच्या वस्तूचं मोल आपण गिळायचं नाही. पण उगाच त्यांच्या आड लपू नकोस. ‘अकुशल’ हा शब्द तुला जगू देणार नाही. बूट माझ्याकडे आले आणि तो शब्द छापलेला राहिला, तर तू दर रविवारी येऊन खिळे मोजत बसशील आणि चहा मला करावा लागेल.

सोबत बाबांच्या खुर्चीचा आणखी एक पितळी खिळा. त्याच ओळीतला, तू काढलेल्याच्या शेजारचा. तो नेऊन दाखव. माझ्या पत्रातला लांबडीचा परिच्छेदही दाखव हवा तर. त्याच्या खालचा नाही. तिथे घडी घाल.

तुझा ठसा मी दवाखान्यातल्या ठशांच्या भिंतीवर लावलाय. नवीन परिचारिकेने हे कुणाचं बाळ म्हणून विचारलं. मी सांगितलं, एक्केचाळीस वर्षांचं आहे, वजन घ्यायचं राहून गेलं.

काटकसर केलेली नाही, मोजून बघ.

तुझी,
ताई


दि. १६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झालं ते क्रमाने लिहितो.

यादी लिहिणाऱ्या बाईंसमोर खिळा ठेवला आणि पत्र घडी घालून ठेवलं. त्यांनी भिंगातून दोन्ही खिळे पाहिले. डोक्यावरचं फूल तेच, पाकळ्या सहा. मग त्यांनी लांबडीला फोन लावला. ती इतक्या मोठ्याने हसली की मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आलं. ती म्हणाली म्हणे, की ती टाच विसरणं शक्यच नाही, अख्खी शर्यतभर डाव्या पायाला मागून कुणीतरी ढकलत असल्यासारखं वाटत होतं.

नवं वाक्य असं छापलं: डाव्या बुटाला तीन सुतांची रबरी टाच, मूळ मालकिणीच्या धाकट्या भावाने वयाच्या अकराव्या वर्षी हाताने बनवलेली, शर्यतीच्या वेळी हीच होती. त्यांना ‘सुमारे दहा मिलिमीटर’ लिहायचं होतं. मी लिहू दिलं नाही. अपेक्षित किंमत सहा लाख झाली.

तरीही गेलो. भावजय नवी साडी नेसून शेजारी. बोली तीन लाखांपासून सुरू झाली. वीस-वीस हजारांनी चढत गेली आणि चार लाखांवर माझी पाटी वर होती. लिलाव पुकारणाऱ्याने सगळीकडे एकदा सावकाश नजर फिरवली. कुणाची पाटी हलली नाही. त्याच्या हातातला हातोडा वर होता आणि ताई, तेवढा वेळ ते बूट तुझे होते. दिवे, खुर्च्या, माणसं, सगळं पाण्याखाली असल्यासारखं झालं. मी मान खाली घातली आणि ऐकलं. एक ठोका, एक ठोका. सारखे. तुला सकाळच्या त्या फेरीत काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं.

मग मोजेवाल्यांनी पाटी उचलली.

भावजयीने माझा हात कोपरापासून वर ढकलला. मी तिच्या कानात सांगितलं की आता काही शिल्लक नाही. ती म्हणाली, स्टूल विकू. म्हणून चार लाख चाळीस हजारही मीच म्हटले. त्यापुढे तिनेच माझा हात खाली घेतला आणि धरून ठेवला. बूट नऊ लाख साठ हजारांना गेले. गुरुजींच्या बाईंनी पर्स उघडली, आत पाहिलं, आणि काहीच न काढता बंद केली. जाताना त्यांनी माझे हात उलटसुलट करून बघितले.

पेटी अर्थात माझीच आहे. डाव्या बुटाचा खळगा तीन सूत जास्त खोल ठेवलाय. कुणी कधी टाच काढली तर बूट त्यात आयुष्यभर डुगडुगेल.

सोबतच्या पुडक्यात तुझ्या रोजच्या चपलेसाठी नवीन टाच आहे. जाडी तीन सूत. चपलेचा झिजलेला तळ भावोजींनी फोनवर मोजून सांगितला, तो धरून. खिळे बारा, सातवा तू पाठवलेला. टाच तुझ्या चांभाराकडून बसवून घे, खिळ्यांची भोकं मी पाडून ठेवली आहेत, त्याला अक्कल चालवू देऊ नकोस. मग दवाखान्यापासून घरापर्यंत चालत जा आणि ऐक. या वेळी कुणी पुढे जाणार नाही.

पेट्या आता दोन हजार एकशे एकतीस झाल्या. शेवटची नऊ इंच बाय चार, आत निळी मखमल. तिच्यात तुझं दहा फेब्रुवारीचं पत्र आहे, घडी उलगडून पुन्हा नीट घातलेलं. वेंधळी म्हणालो ते सगळं, एक्केचाळीस वर्षांचं, परत घेतो. चष्म्याचं तेवढं कायम ठेवतो.

भावोजींना नमस्कार. तुझ्या लोभाचं माप घ्यायचा प्रयत्न मी सोडला आहे. तेवढी पट्टी माझ्याकडे नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. काल मोजेवाले कारखानदार स्वतः कामाच्या जागी आले होते. घडी घातलेल्या पत्राबद्दल त्यांना यादीवाल्या बाईंकडून कळलं होतं. त्यांना ते अख्खं पत्र बुटांशेजारी काचेत लावायचंय. एक लाखापासून सुरुवात केली. मी रंधा मारत होतो, मान वर केली नाही. समोर दुसरं कुणी बोली लावणारं नव्हतं, तरी ते आपले आपणच आकडा चढवत गेले. शेवटचा आकडा साडेसहा लाख. मी नाही म्हणालो.