नाव झाकलं, आणि

रवि. ७ सप्टें.
पहिली आली ती कावेरी, मंड्याची. चपला काढायच्या आधीच सांगायला लागली, हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंचं आणि मेसवाल्या अण्णाचं कसं वाजलं ते. मी ऐकत दारातच उभी, तिकडे उप्पीट खाली लागलं. मग भाग्यश्री, निपाणीची. मराठीच बोलते, पण माझं ऐकून तिला हसू येतं. मी कन्नडासारखं स्वल्प, म्हणजे थोडं, घे म्हटलं तर वाटी पुढे करायची की मागे घ्यायची, कळेना तिला.

दोघी कॉलेजात पहिल्या वर्षाला. आमची मेघना तिथेच नव्या पोरांना निबंध लिहायला शिकवते. ह्या दोघी फार घाबरतात म्हणून ही नात माझी त्यांना घरी बोलावते. बरं करते. राजाजीनगरात आता बेल वाजते ती कुरिअरची.

निबंध म्हणजे गाईवरचा नव्हे. दुसऱ्यांनी काय लिहिलंय ते सांगायचं, मग आपलं. भाग्यश्रीचा तंबाखूच्या वखारीतल्या बायकांवर. तिची आई कामाला जाते तिथे.

बुध. १०
भाग्यश्री एकटीच आली. मेघना हेब्बाळला मैत्रिणीकडे. मी मेथी निवडत होते, तीही बसली निवडायला. मग हळूच म्हणाली,
“आजी, हे वखारीवरचं पुस्तक लिहिणाऱ्या बाई माझ्या आईहून मोठ्या. त्यांना नुसतं कुलकर्णी कसं लिहू? अक्का म्हणतात, नुसतंच लिहायचं. आणि वर आर्ग्यू करतात म्हणायचं. म्हणजे भांडतात?”
अक्का म्हणजे मेघना.

मी म्हटलं, मोठ्यांचं नाव असं उघडं घेऊ नये. मी ह्यांचं अजून घेत नाही, जाऊन इतकी वर्षं झाली तरी. बँकेत विचारलं तर पासबुकावर बोट ठेवते. तू लिही, एक आदरणीय बाई म्हणतात. शोभतं.
पोरगी खुलली. दोन वाट्या पायसम् खाल्लं.
माझी शाळा चौथीत सुटली. आज मला कुणी लिहिण्यातलं विचारलं. दिवसभर तोच आनंद. सांगायला कोणी नाही म्हणून इथे.

रवि. २१
वाईट झालं.
भाग्यश्रीचा निबंध परत आला. सरांनी लाल शाईत लिहिलंय, दुसऱ्यांचं उचललेलं. कमिटीपुढे जाईल, वडिलांना बोलावतील. वडील म्हणणार, चल घरी, झालं शिक्षण. पोर रडतही नव्हती, नुसती बसलेली.
मेघना वाचत गेली. आदरणीय बाई, आदरणीय गृहस्थ, पानभर. “अगं, हे कोण सगळे? नावं कुठायत?”
“आजी म्हणाल्या, घेऊ नये.”
तक्रार नव्हती त्यात. विश्वासानं म्हणाली, तेच लागलं. मेघनानं माझ्याकडे बघितलं. मी गॅस बंद करायला म्हणून आत गेले. चालू नव्हताच.

दोघी गेल्यावर मेघना म्हणाली, “आजी, तिथे नाव घेणं हाच मान. नाही घेतलं तर चोरी.”
म्हटलं, उखाण्यासारखंच की. नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत.
हसली. मग म्हणाली, मीही नाव घाल एवढंच सांगितलं, का ते नाही सांगितलं.
मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल.

मंगळ. २३
सर भाग्यश्रीचं ऐकून घेणार आहेत. मी म्हटलं, मी येते, माझी चूक म्हणून सांगते. मेघना म्हणे, कन्नडात सांगशील का मराठीत, ते सर केरळचे. वर म्हणे, तिचं तिला सांगू दे.
सरी, बरं, म्हटलं.
भाग्यश्रीला फोन केला. उचलला नाही.

शनि. २७
आल्या दोघी. सरांनी ऐकून घेतलं म्हणे. पुन्हा लिहून आणायचं, वाचून मग ठरवणार. कमिटीचं काही बोलले नाहीत.
दुपारभर भाग्यश्री मेघनाजवळ बसून लिहीत होती. काकडी-मूगडाळीची कोसंबरी ठेवायला गेले तेव्हा बघितलं. इंग्रजी, पण आडनावं तेवढी वाचता येतात मला. कुलकर्णी, परत कुलकर्णी. त्याच्याखाली एक नाव मोठं, वेगळं. विचारलं कुणाचं, तर मेघना म्हणाली तिच्या आईचं. वखारीतलं जे आईनं सांगितलं ते आईच्या नावानंच लिहायचं. त्या बाईंच्या ओळीत हिची आई.
मी ते पण झाकायला लावलं होतं.

भाग्यश्रीनं कोसंबरी खाल्ली, छान झालीय म्हणाली. विचारलं मात्र काही नाही. मागे सारखं आजी हे कसं, आजी ते कसं. मी जवळ उभी राहिले थोडा वेळ. मग आले आत.
जाताना कावेरी म्हणाली, दसरा झाला की येणाऱ्या रविवारी येतो आजी, दोघी.
भाग्यश्री चपलेचा पट्टा लावत होती. मान हलवली तिनं, असं वाटलं मला.
तो रविवार म्हणजे ५ तारीख.