दोन हातांचा गाडीवाला

४ एप्रिल २०१४
ओमेश्वरीची, म्हणजे सुनेची, डायरी घेतली. तिनं चार पानं रेसिपी लिहिल्या होत्या. एकही करत नाही.
निश्चय : ११ मेच्या चिचगडच्या लगनाले आपल्या गाडीनं जायचं. मागच्या लगनाले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गेलो, तर नणंद शामकला भर मांडवात म्हणे, वहिनी, धान कुठं उतरवायचं? मी काहीच बोलली नाही. फक्त तिच्या नव्या दातांबद्दल बोलली.
दुसरा निश्चय : जीभ आवरायची.

७ एप्रिल
लोकेंद्र म्हणे, आई, नवी गाडी जमत नाही, मोबाईलवर जुन्या दिसतात. दलाल नाही, मालकच फोटो टाकते. बरं झालं. दलाल तसेही मले पाहून पळतात.
ओमेश्वरीनं वाचून दाखवलं. पांढरी मारुती, गाव सडक अर्जुनी, मालक मुन्नालाल. खाली लिहिलं, सिंगल हँड.
म्हणजे गड्याले एकच हात आहे. तरी गाडी चालवते! मी चौथी शिकली, एवढं इंग्रजी मले समजते. ओमेश्वरी काही सांगू लागली, तिले गप बसवलं. कोणाच्या अपंगपणावर बोलू नये.

८ एप्रिल
विचार केला. गियर डाव्या हातानं टाकतात. डावा नसन तर गियर कोरा करकरीत. उजवा नसन तर वरचा पत्रा कोणी पुसलाच नसन, घासाघीस करून भाव पाडता येईल. दोन्हीकडून फायदा आपला.

९ एप्रिल
शामकलाले फोन केला. सहजच. गाडीचा रंग, गाव, मालकाचं नाव, सगळं सांगितलं. जळायले कमी पडू नये. वा वहिनी, वा, म्हणे. आवाज पडला होता.

१२ एप्रिल, दुपार
मुन्नालालशी बोलली. हिंदीत. माझ्या हिंदीपुढं गोंदियाच्या बाजारात कोणी टिकत नाही. म्हणलं, भैया, एक हाथ से चलाया, तो गाडी एक बाजू से घिसी होगी, भाव कम करो. तो म्हणे, माताजी, आप आके देख लो. घाबरला.

१९ एप्रिल
सडक अर्जुनीले जाऊन आलो. जाताना ताकीद दिली, हाताकडं पाहायचं नाही. लोकेंद्र म्हणे, कोणाच्या?
गाडी मुन्नालालच्या ढाब्यामागं उभी होती. आत बसली, गुडघे दुखले नाहीत. तोंडावर दाखवलं नाही. म्हणलं, रंग फिका पडला. लोकेंद्र म्हणे, आई, पांढराच आहे तो. असा पोरगा असल्यावर दुश्मन कायले लागते?
मग मुन्नालाल चहाचा ट्रे घेऊन आला. दोन हातांनी.
मी उठलीच. झूटे! लिखता एक हाथ, और दो-दो लेके घूमता! त्यानं ट्रे ठेवला अन् आपले दोन्ही हात उलटून पाहिले. ट्रकवाले हसून राहिले. त्याच्यावर. लोकेंद्र कानात म्हणे, सिंगल हँड म्हणजे एकाच मालकानं वापरलेली. मग तसं लिहायले काय झालं होतं?
आता माघार नाही. साडीच्या दुकानात मी उठून पायऱ्या उतरू लागली की दुकानदार हाक मारतेच. इथंही निघाली. इथं पायऱ्या नव्हत्या, हायवे होता. बस सुटली तरी हाक आली नाही. ट्रकांच्या आवाजात ऐकू आली नसन.

२६ एप्रिल
फोन नाही. पस्तावून राहिला असन. लोकेंद्र म्हणे, आपण लावू. खबरदार, म्हणलं. गरज त्याले आहे.

३ मे
मोबाईलवरून ती जाहिरात गायब झाली. ओमेश्वरी म्हणे, विकली असन. माझ्यासाठी राखून ठेवली, म्हणलं. भोळी आहे पोरगी.

१० मे
उद्या लगन. लोकेंद्रनं ट्रॅक्टरवाल्या उदारामले सांगून ठेवलं म्हणे. कोणाले विचारून? मी ट्रॉलीत पाय ठेवणार नाही. उद्या सकाळी माझं पोट दुखणार आहे.

११ मे
पोट दुखायले लागलंच होतं, तेवढ्यात दारात हॉर्न. पांढरी गाडी! ओमेश्वरीले म्हणलं, पाहा, आला का नाही मुन्नालाल?
काच खाली झाली. शामकला. चिचगडच्या रस्त्यात आमचं गाव येत नाही, मुद्दाम वळून आली. म्हणे, वहिनी, तुमच्यामुळंच मिळाली. मुन्नालालनं भाव पाडून दिली. म्हणे, वो माताजी वापस आने के पहले ले जाओ.
मग म्हणे, बसा ना मागं. सोबत धान नाही ना?
उदारामचा ट्रॅक्टर गल्लीत आला होता. पोट दुखायचं थांबलं. बसली. गुडघे दुखले नाहीत.
शामकलाचा पोरगा टिकेश चिचगडपर्यंत एका हातानं गाडी चालवून राहिला. दुसरा खिडकीबाहेर. आता झाली खरी सिंगल हँड. अगदी ओठावर आलं होतं.
बोलली नाही. वापसही त्याच गाडीनं यायचं होतं.