काठ बदललेली साडी

प्रिय ताई,

आत्ता, अगदी आत्ता पाहुण्या फाटकाबाहेर पडल्या आणि मी चहाचे कप तसेच टाकून लिहायला बसले. सांगू कुणाला? ह्यांना सांगितलं तर "बरं झालं" म्हणून पुन्हा पेपरात डोकं घालतील. ही गोष्ट थोरल्या जावेलाच सांगायची, आणि तुम्ही तर मागल्या वर्षीच निघून गेलात! जरा थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

तर ऐका. आपल्या प्रणालीचा रविवारी साखरपुडा आहे! मुलगा कासारवाडीचा, चाकणला कामाला. पण तिकडे पुन्हा मंदी आलीय. ह्यांचा ओव्हरटाइम बंद, जावयाच्या कंपनीतही मशीनची लाइन मधूनमधून बंद. तरी मी शालू घ्यायला निघालेच. व्याह्यांसमोर नाक कापून घ्यायचं का? तर तुमची लाडकी म्हणते, "मला मोठ्या आईचीच वांगी साडी नेसायचीय."

तीच हो, जिला तुम्ही पोपटी काठ लावायला घेतला होता! निम्माच लावून झाला होता. सुईसुद्धा तशीच टोचलेली.

मागची मंदी आठवते? थेरगावच्या आपल्या गल्लीत एकीलाही नवी साडी परवडत नव्हती. पण लग्नसराई मंदीसाठी थांबते होय? तुम्ही एकीचे काठ उसवायचात, दुसरीच्या साडीला लावायचात, कडक इस्त्री करून घडी घालायचात. आणि वर म्हणायचात, "नवीच हाय ही! आपली आपण घडी न्हाई मोडायची. आधी शेजारणीला द्या नेसायला." जुनेराची घडी मोडायला लावणारी बाई जगात तुम्हीच!

आणि ते संक्रांतीचं हळदीकुंकू! एकाच साडीचे दोन काठ, एक माझ्या साडीला, एक समोरच्या सुनंदाच्या. आम्ही दोघी नेमक्या मांडीला मांडी लावून बसलो. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "सुनंदे, तू तिकडं दाराशी बस गं, हवा हाय तिथं!" त्या थंडीत हवा! हसू दाबताना माझ्या घशात तिळगूळ अडकला.

एका गोष्टीचा मात्र अजून राग आहे. कुणी विचारलं की "नवी घेतली" असंच म्हणायचं, तुमचं नाव घ्यायचं नाही. "माझं नाव निघालं तर तुमची अब्रू जाईल," म्हणायचात. एवढी हातात कला आणि सगळी लपवायची? हे काही बरं केलं नाहीत ताई.

तर आज विहीणबाई न कळवता आल्या. प्रणाली तुमच्या मशीनवर तोच काठ पुरा करून साडीला इस्त्री फिरवत होती. मी झाकायला धावले, पण बाई माझ्या पुढे! त्यांनी काठ उलटा करून टाके बघितले. आता ह्या सोयरीक मोडतात की काय?

"नवी न्हाई ही," त्या म्हणाल्या.

पोरगी तुमच्याच वळणाची. "नाही. माझ्या मोठ्या आईनं करायला घेतलेली, मी पुरी केली. रविवारी हीच नेसणार."

मी डोळेच मिटले.

"मग घडी मोडायची राहिली असंल," विहीणबाई म्हणाल्या. "मी मोडू?"

ताई! आतल्या खोलीत जाऊन अंगावरची भारी साडी उतरवून त्या तुमची ती साडी नेसूनच बाहेर आल्या! आरशासमोर दोनदा वळल्या. मग हळूच माझ्या कानाशी, "आमच्याकडं पण पडल्यात दोन-तीन जुन्या. पोरगी लावून देईल का हो काठ?" मी त्यांची ओटी भरली. तुम्ही हव्या होतात. फार हव्या होतात!

एक वचन देते. रविवारी बायका काठाला हात लावून विचारणारच, कुठली म्हणून. मी थाप मारणार नाही. सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगेन, "आमच्या इंदूताईंनी केलीय!" रागवायचं तर खुशाल रागवा.

तुमची धाकटी जाऊ,
रेखा