मडगार्डावरचं तुमचं नाव निघाल्याबद्दल खुलासा

जालना, गुरुवार
(प्लांटमधली जेवणाची सुट्टी)

तीर्थस्वरूप रामकिसन मामांच्या पायांशी भाचा देवानंद याचा नमस्कार. (साष्टांग लिहिणार होतो, पण मंगळवारी तुम्ही खिडकीचा पडदा ओढून घेतला तेव्हापासून किती अंगं टेकवली म्हणजे भागेल याचा अंदाज येऊन न्हाई राह्यला.) तुमचा गुडघा कसा आहे? मामींची शुगर किती निघाली? साखर कारखान्याच्या क्वार्टरात राहून नंदामामी बिनसाखरेचा चहा पितात हे मी आमच्या बियाण्याच्या प्लांटात चौघांना सांगितलं, चौघांनीही हात जोडले. इकडं माय ठीक आहे, फक्त तुमचा विषय निघाला की पदर डोळ्याला लावते आणि मंग तोच पदर घेऊन माझ्या अंगावर धावून येते. मी मजेत आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहून राह्यलो.

पत्र लिहायचं कारण असं की तुम्ही फोन उचलत न्हाईत, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंय आणि पप्पूच्या फोनवरून केला तर पप्पूशी पाऊणतास बोलून माझं नाव आल्याबरोबर ठेवून देता. माझ्या जिंदगीतलं हे दुसरं पत्र. पहिलं शाळेत लिहिलं होतं, सुट्टीत येत असल्याबद्दल मामास पत्र, त्याला दहापैकी चार मार्क पडले होते. तेव्हा इथंही फार अपेक्षा ठेवू नका.

येत्या रविवारी भोकरदनला माझं लग्न आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हीच जमवलंय. पण तुम्ही निरोप धाडला की ज्यानं माझं नाव कापलं त्याच्या पाठीमागं मी उभा राहणार न्हाई. आणि मुलीचे वडील काकासाहेब यांनी मला तोंडावर सांगितलं की नवरदेवाच्या पाठीमागं मामा दिसले न्हाईत तर अंतरपाट धरायचा न्हाई, हॉल रिकामा राहिला तरी चालेल. म्हणजे तुम्ही येत न्हाईत, अंतरपाट धरत न्हाईत, आणि मी पाटावर उभाच. म्हणून हा खुलासा. शेवटपर्यंत वाचा, मधेच चुरगाळू नका, बिलकुल खरं लिहून राह्यलो.

मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही एकाच दिवशी दोन मोटारसायकली घेतल्या, एक तुम्हाला, एक मला, एकच मॉडेल, एकच काळा रंग. त्याच दिवशी अंबडच्या पेंटरपुढं दोन तास उभं राहून माझ्या मागच्या मडगार्डावर 'रामकिसन मामांची कृपा' आणि तुमच्या मडगार्डावर 'भाचा देवानंद' असं लिहून घेतलं. अक्षरं बारीक आली म्हणून एकदा पुसायलाही लावली. हे सगळं माझ्या ध्यानात आहे. मी कृतघ्न न्हाई, मामा. मी फक्त मूर्ख आहे, आणि याला साक्षीदार पुष्कळ मिळतील.

झालं असं, की साखरपुड्यानंतर अर्पिताचा एकदा फोन आला. बोलता बोलता ती म्हणाली, तुमची गाडी पुढून चांगली आहे, पण मागून पोस्टमनची वाटते. बस एवढंच म्हणाली. (तिचा दोष न्हाई. तिच्या गावचे पोस्टमन खरंच तशीच गाडी चालवतात, मी जाऊन पाह्यलं.) दुसऱ्या दिवशी प्लांटात मी हे पप्पूला सांगितलं. पप्पू म्हणजे माझ्या बाजूच्या मशीनवरचा, मोटारसायकलीचं सगळं त्याला मोबाइलवर बघून येतं. तो म्हणाला, फेंडर एलिमिनेटर बसव. म्हणजे मागं लोंबणारं ते लांब मडगार्ड काढायचं, त्याच्या जागी हातभर न्हाई, वीतभर पत्रा लावायचा, नंबरप्लेट सीटच्या खाली आत सरकवायची, आणि ते भजीएवढे जुने इंडिकेटर काढून बोटाएवढे एलईडी लावायचे. गाडी मागून एकदम विदेशी दिसते. मी मागवलं. खोक्यात चार बोल्ट, तीन नट आणि चिनी भाषेतला एक कागद निघाला. पप्पूनं तो कागद दोन्ही बाजूंनी पाह्यला आणि म्हणाला, सोपं आहे.

गेल्या रविवारी सकाळी अंगणात गाडी घेतली. पप्पूला आयत्या वेळी सासुरवाडीला जावं लागलं, मंग मीच बसलो. मडगार्डाचे बोल्ट खोलले, ते अख्खं निघालं. (लक्षात घ्या मामा, तुमचं नाव मी कापलं न्हाई. ज्यांनी तसं सांगितलं त्यांनी तिखटमीठ लावलं. नाव सबंध आहे, फक्त गाडीवर न्हाई.) आता इंडिकेटरच्या वायरी. जुन्या वायरीची टोकं नव्यात बसेनात, म्हणून चारही कापल्या. कापायच्या आधी एवढी अक्कल आली की डावी कोणती, उजवी कोणती याची खूण करावी. चिकटपट्टी घरात न्हाई. मंग मायच्या देवपूजेच्या करंड्यातली चिमूटभर हळद डाव्या वायरींना लावली आणि कुंकू उजव्या वायरींना. मला वाटलं, याच्याहून पक्की खूण इंजिनिअरलाही सुचली नसती. आणि हात धुवायला आत गेलो.

तेवढ्यात माय बाहेर आली. तिनं पाह्यलं की पोरानं गाडी खोलून ठेवलीय आणि जागोजाग हळदकुंकू वाहिलंय. तिला वाटलं लग्नाच्या आधी गाडीची पूजा चालू आहे आणि मला धड जमत न्हाई. तिनं करंडा घेतला आणि चारही वायरींना, नव्या-जुन्या चारही इंडिकेटरना, पत्र्याला, पान्याला, त्या चिनी कागदालासुद्धा बराबर हळदीचं बोट आणि कुंकवाचं बोट लावलं, वर अक्षता टाकल्या आणि नारळ फोडला. मी परत आलो तर खोबरं हातात ठेवलं. आता सांगा, मामा, तुमच्या बहिणीला मी काय बोलणार? खोबरं खाल्लं आणि अंदाजानं वायरी जोडल्या.

अंदाज चुकला. डावं बटण दाबलं की उजवा दिवा लागतो आणि उजवं दाबलं की डावा. वर एलईडीला करंट कमी लागतो, त्यामुळे दिवा चालू-बंद करणाऱ्या आतल्या रिलेला वाटतं की बल्ब गेला, आणि दिवा जीव खाऊन लुकलुकायला लागतो. दर सेकंदाला चार-पाचदा. डीजेची गाडी असते ना, तसं. मी म्हणालो पुन्हा खोलतो. माय आडवी आली. पूजलेली वायर लग्न पार पडेस्तोवर कापायची न्हाई, अपशकुन होतो. आजपर्यंत वायरीचा शकुन कुणी ऐकला न्हाई, पण तिच्यापुढं कोण बोलणार? तुम्ही बोलला असता, पण तुम्ही फोन उचलत न्हाईत.

सोमवारी बस्ता होता. काकासाहेब भोकरदनहून जीप करून आले, जीपमध्ये बायका आणि मागं एक मोठी पिशवी याद्यांची. काकासाहेब मोठ्या कौतुकानं म्हणाले, मी जावयाच्या मागं बसतो, ड्रायव्हर, तू पोराच्या इंडिकेटरवर लक्ष ठेव. ड्रायव्हर फार आज्ञाधारक निघाला. चौकात मला कपडा बाजाराकडं डावीकडं जायचं होतं, डावं बटण दाबलं, मी डावीकडं वळलो, दिवा उजवीकडचा लागला, आणि तोही एवढ्या घाईनं की जीपवाल्याला वाटलं उजवीकडं काहीतरी पेटलंय. तो वेगात उजवीकडं गेला तो थेट एमआयडीसीत. तिथं एका लोखंडाच्या मिलच्या गेटवर वॉचमननं रीतसर वहीत नोंद केली. नावे: आठ महिला. भेटीचे कारण: बस्ता. नंतर दीड तास त्या सगळ्या पंख्याखाली बसून होत्या, चहाही मिळाला, आणि नवरीच्या आईचं म्हणणं आहे की माणसं फार चांगली होती.

इकडं आम्ही दोघं. बाजाराच्या रस्त्यावर कुणाचा तरी पाण्याचा टँकर गळून चिखल झाला होता. मी त्यातून सावकाश गाडी काढली. आता मडगार्ड कशासाठी असतं हे मला त्या दिवशी कळलं, मामा. इतकी वर्षं मला वाटायचं ते नाव लिहायला असतं. मागचं चाक जेवढा चिखल उचलतं तेवढा सरळ वर फेकतं, आणि तिथं काकासाहेबांची पाठ होती. पांढराशुभ्र नेहरू शर्ट, कमरेपासून टोपीच्या शेंड्यापर्यंत एक पट्टा, चार बोटं रुंद, फूटपट्टी लावल्यासारखा. त्यांना पत्ता न्हाई. मला पत्ता न्हाई. आम्ही शांतिलालशेठच्या दुकानात गेलो, शेठनं रामराम घातला, काकासाहेब गादीवर बसले आणि पांढऱ्या लोडाला ऐसपैस टेकले. उठले तेव्हा लोडावर त्यांची पाठ उमटली होती. शेठच्या घरात तीन पिढ्या कपडा विकतायत. त्यांनी लोडाकडं पाह्यलं, शर्टाकडं पाह्यलं, आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी तुम्हालाच एक शर्ट दाखवतो."

काकासाहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. ते बाहेर गाडीपाशी आले, मागं वाकून बराच वेळ बघत राह्यले. मंग म्हणाले, "इथं मामांचं नाव होतं ना?" मी म्हणालो, होतं. "साखरपुड्याच्या दिवशी तुम्ही गाडी लावली तेव्हा मी ते वाचलं होतं. म्हणलं, बाप न्हाई पोराला, पण मामाला विसरला न्हाई. पोरगी मी त्या नावाकडं बघून दिली." आणि मंग ती अंतरपाटाची अट घातली. मला वाटलं जमीन फाटावी. पण जमीन कुठली फाटते, तिथं नुसता चिखलच.

आता तुमच्या रागाचा दुसरा भाग. मडगार्ड मी भंगारात न्हाई टाकलं, मामा. मायनं टाकू दिलं न्हाई. भावाचं नाव आहे म्हणून तिनं ते धुऊन पुसून देवळीत देवांच्या शेजारी उभं केलं, आणि रोज सकाळी देवांना वाहून उरलेलं फूल आणि हळदकुंकू त्यालाही वाहते. शेजारची काकू विरजण मागायला आली, तिनं तुमचं नाव, फूल आणि उदबत्ती असं तिन्ही एकत्र पाह्यलं आणि विरजण न घेताच निघून गेली. पुढं तिनं अंकुशनगरला तुमच्या क्वार्टरात सांत्वनाचा फोन केला तो नेमका तुम्हीच उचललात, याबद्दल मी काय लिहू? तुम्ही तिला कधी, कसं, असं विचारलंत आणि तिनं तुम्हालाच तुमचं शेवटचं दुखणं सांगितलं असं ऐकतो. काकूनं माफी मागितलीय. तेराव्याला नेणार होती ते भांडं तिनं रुखवतात द्यायचं कबूल केलंय.

मंगळवारी मी स्वतः आल्तो. तुमच्या गल्लीत उजवीकडं वळताना सवयीनं उजवं बटण दाबलं, दिवा डावीकडचा लागला, आणि तुम्हाला वाटलं मी समोरच्या किराणावाल्याकडं चाललोय, ज्याचं तोंड तुम्ही पाच वर्षं बघत न्हाई. तुम्ही पडदा ओढला. मी गेटाशी अर्धा तास उभा होतो. मामी दारातून खुणेनं म्हणाल्या, आज न्हाई.

मामा, बाबा गेले तेव्हा मी चौथीत होतो. तुम्ही मला सायकल शिकवायला मागून कॅरिअर धरून पळायचात. बाकीच्यांचे मामा मधेच हात सोडायचे, पोरं दोन दिवसांत शिकायची. तुम्ही कधी सोडलाच न्हाई, म्हणून मला सातवीपर्यंत सायकल आली न्हाई. सगळा वर्ग हसायचा. मला मात्र तेव्हाही मागं कुणी न्हाई असं कधी वाटलं न्हाई, आणि रविवारी ते मला सहन होणार न्हाई. झालं, लिहिलं. याच्यापुढं लिहिता येत न्हाई, सुट्टीचा भोंगाही वाजला.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्या.

चुकलेला पण तुमचाच भाचा,
देवानंद

ता. क. : एक छोटी अडचण राह्यली. माय देवळीतलं मडगार्ड द्यायला तयार न्हाई. पूजलेली वस्तू चिखलात जाणार न्हाई म्हणते. आपल्या गाड्या एकाच मॉडेलच्या आहेत. तेव्हा तुमच्या गाडीचं मडगार्ड लग्नापुरतं मिळालं तर बरं होईल.

आणखी ता. क. : मंगळवारी तुमची गाडी गेटात उभी होती. 'भाचा देवानंद' जसंच्या तसं होतं, वरची धूळही ताजी पुसलेली. एवढा राग असलेल्या माणसानं ते खरवडायला पाहिजे होतं. म्हणून पत्र लिहायची हिंमत केली.

शेवटचं ता. क. : हे पत्र घेऊन पप्पू आलाय. तुम्ही इथपर्यंत वाचेस्तोवर त्यानं दहा नंबरच्या पान्यानं तुमच्या मडगार्डाचे तीन बोल्ट सोडले असतील, चौथा गंजलेला आहे, पप्पूला चहा आणि बोल्टाला थोडं खोबरेल द्या. बिनमडगार्डाच्या गाडीवर तुम्ही काही निघणार न्हाईत, म्हणून शनिवारी सकाळी मीच न्यायला येतो. मडगार्ड माझ्या गाडीला लागलेलं असेल, मागं बसलात तरी धोतराला शिंतोडा लागायचा न्हाई. फक्त गल्लीच्या तोंडाशी डावा दिवा लुकलुकला तर पडदा ओढू नका. मी तुमच्याकडंच वळून राह्यलो.