स्वागत कोणी करायचं

प्रिय कोरल,

माझा फोन तू उचलत नाहीस, आणि 'त्या केंद्रात काम करणारीनं माझ्या दारात यायचं नाही' हा तुझा निरोपही मला पोचलाय. म्हणून हे पत्र तुझ्या भाचीच्या हाती देतेय. तुझा भाऊ गेल्याचं कळलं. त्याचं नाव लिहीत नाही. तुमच्याकडे आता बराच काळ ते उच्चारायचं नाही हे मला ठाऊक आहे. माझ्या हातचं सॉसेजचं कालवण तो पातेलं पुसून खायचा. काउरा, डबो या गावांकडची सगळी माणसं आली असतील, खोल्याखोल्यांतून गाद्या पडल्या असतील. मी तिथे नाही याचं फार वाईट वाटतं.

इकडे शुक्रवारी आमच्या कुटुंब कल्याण केंद्राच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन आहे. गोऱ्यांची आणि आपली, इथल्या मूळ लोकांची, मनं जुळवायला एक सलोखा समिती झालीये आणि तिची प्रमुख आहे फिलिपा, नवी व्यवस्थापक. मनानं वाईट नाही, पण तिनं भिंतीवर लावलेली चित्रं पार दूरच्या वाळवंटातल्या लोकांची आहेत. तर ज्यांची भूमी त्यांनीच करायचं ते पाहुण्यांचं स्वागत डेल्मा आंटी करतील, असं तिनं मला न विचारताच छापून टाकलं. मी म्हटलं, अगं, मी बार्किंजी जमातीची, माझी नदी डार्लिंग. ही वायराजुरींची भूमी, मी इथं पाहुणी. शेजारणीच्या घरात उभी राहून तू लोकांना 'या, बसा' म्हणशील का? तर म्हणते, पण आंटी, तुम्हाला इथं येऊन तीस वर्षं झाली! म्हटलं, पाहुणी जुनी झाली म्हणून घर तिचं होत नाही, पोरी. मग कोणाला बोलवायचं, असं तिनं विचारलं. तू इथलीच वायराजुरी, म्हणून मी तुझं नाव घेतलं. केंद्राचा अध्यक्ष ग्रॅहम एकदम चहाच्या कपात बघायला लागला.

फिलिपाला काहीच माहीत नव्हतं. मग मीच सगळं सांगितलं. तुझी आई गेली तेव्हा घर असंच भरलेलं होतं. केंद्राची बाई आली, तिनं गाद्या पाहिल्या, मोठ्या माणसांच्या मध्ये झोपलेला तुझा तीन वर्षांचा जारा पाहिला, 'गर्दी, मुलाकडे दुर्लक्ष' असं वर कळवून टाकलं, आणि केंद्राच्या पांढऱ्या गाडीतून जाराला घेऊन गेले. घरात कोण गेलंय, एवढं विचारायचंसुद्धा तिला सुचलं नाही. जारा परत आला तेव्हा बूट घातल्याशिवाय झोपत नव्हता, हेही सांगितलं. ग्रॅहम म्हणाला, सगळं नियमाप्रमाणंच झालं होतं, जुनं उकरून कोणाचं भलं होणार? माझं डोकंच फिरलं. विचारलं, तुमची आई गेली तेव्हा नातेवाईक कुठं झोपले? म्हणे मोटेलात. म्हटलं, आमच्यात मोटेलात झोपलेल्या नातेवाइकाच्या नावानंच जास्त रडतात. कोणी हसलं नाही. फिलिपा रडायला लागली, तेव्हा मी तिला डोळे पुसायला सांगितलं. तिच्या रडण्याचा कोरलला काय उपयोग?

मग तिला वाटलं, तुला शुक्रवारी मंचावर बोलवावं, सगळ्यांसमोर माफी मागावी, पेपरात फोटो यावा. मी उठून उभी राहिले. म्हटलं, तिच्या दुःखाची वरात काढायची नाही. ज्या घरातून मूल नेलंत त्या घरी जाऊन माफी मागा, आणि ज्यानं त्या कागदावर सही केली त्यानंच मागा. सही ग्रॅहमची होती. ऐकणार नसाल तर उद्यापासून मी येत नाही, असंही सांगून टाकलं. शेवटी तुझ्या घरी जाऊन माफी मागायची का, यावर हात वर करून मतं घेतली. ग्रॅहमचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला.

शुक्रवारी तू यावंस असं मी म्हणत नाही. तू आली नाहीस तर स्वागताची जागा मोकळी राहील आणि ती का मोकळी आहे ते मी माइकवर सांगेन. लिहितेय ते वेगळ्याच कारणानं. अंत्यविधी होईपर्यंत तुमच्या रस्त्यावर पाऊल टाकायचं नाही, असं मी दोघांना बजावलंय. मंगळवारी तुम्ही त्याला मातीत ठेवाल, आणि बुधवारी दुपारी ग्रॅहम आणि फिलिपा तुझ्याकडे येतील. चालत या म्हटलं होतं, पण ग्रॅहमचा गुडघा साथ देत नाही, म्हणजे केंद्राची तीच पांढरी गाडी येणार. घर पुन्हा माणसांनी भरलेलं, आतल्या खोलीत लेकीचं तान्हं बाळ, आणि ती गाडी फाटकाशी थांबलेली पाहून तुझ्या मनात काय येईल ते मला कळतं. कोरल, ते बाळाला न्यायला येत नाहीयेत. मी मागच्या सीटवर असेन आणि तू बोलावल्याशिवाय उतरणार नाही. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. फक्त बाळाला उचलून मागच्या दारानं नदीकडे पळू नकोस.

तुझ्या भूमीवरची पाहुणी, तरी तुझीच,
डेल्मा